ओळीची शुद्धी : पाठचिकित्सा आणि शेल-आज्ञावली
(‘कबनूर’ या ग्रामनामाच्या अनुषंगाने)

१

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजी शहरास लागून, कबनूर हे यंत्रमागांचे मोठे गाव आहे. या गावाच्या नावात अवघी चार अक्षरे आहेत. तथापि जुन्या व नव्या कागदांतील मजकूर संगणकाच्या फाइलीत ओळीओळीने उतरवून घेतला, म्हणजे ही चार अक्षरे एका रूपात सापडत नाहीत. कोठे ‘कबनूर’, कोठे ‘कबनुर’, कोठे शेवटी एक रिकामी जागा चिकटलेले ‘कबनूर’, तर रोमन लिपीतील याद्यांत कधी एका ‘यू’ने आणि कधी दोन ‘ओं’नी लिहिलेले. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही सारी एकच होत. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती वेगवेगळी गावे आहेत. सध्या प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत ‘कबनूर’ हा शब्द पंधरा बाइटांचा होतो आणि ‘कबनुर’ हाही पंधरा बाइटांचाच होतो. दोहोंत भेद आहे तो एका बाइटाचा. परंतु तेवढ्या भेदाने मोजणी चुकते, एका गावाची दोन गावे होतात, आणि त्या मोजणीवर उभारलेले अनुमान कोसळते.

या अडचणीवरील रूढ उपाय म्हणजे फाइलीतील ओळी ‘साफ’ करणे. युनिक्स व तिच्यापासून निघालेल्या संगणकप्रणालींत ‘शेल’ नावाचा एक आज्ञापाल असतो. त्याला एकामागून एक लहान आज्ञा लिहून दिल्या, की तो हजारो ओळींवर त्या क्षणार्धात चालवितो. अशा आज्ञांच्या लेखी मालिकेस शेल-आज्ञावली म्हणतात. ओळीच्या अखेरची रिकामी जागा काढणे, एक रूप दुसऱ्यात बदलणे, कोऱ्या ओळी गाळणे, पुन्हा आलेल्या ओळी वगळणे, ही तिची नित्याची कामे होत. इतिहासाच्या विद्यार्थ्यासही आता ही कामे करावी लागतात. कारण पुराभिलेखागारातून उतरविलेल्या याद्या, छापील साधनग्रंथांचे अंकित मजकूर आणि सरकारी तक्ते एकत्र आणल्यावाचून ग्रामवार अभ्यास पुढे सरकत नाही.

हे काम केवळ यांत्रिक आहे, झाडलोटीसारखे आहे, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती कितपत खरी आहे, याची तपासणी प्रस्तुत निबंधात करावयाची आहे. ओळ शुद्ध करणे हे यंत्रयुगाच्या फार पूर्वीपासून महाराष्ट्रात चालत आलेले कार्य असून त्याला पाठचिकित्सा असे नाव आहे. शेल-आज्ञावलीचा विचार या परंपरेत ठेवून केला, तरच तिचे बळ आणि तिचा धोका ही दोन्ही नीट कळतात.

२

मराठीतील पाठशुद्धीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मधील आहे. मूळचा ग्रंथ शुद्ध असून पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, या धारणेने एकनाथांनी त्या वर्षी ज्ञानेश्वरीचे संशोधन केले, आणि पुढे कोणी आपल्या ओव्या तीत घालू नयेत असा निर्बंधही घातला. या कार्याने ज्ञानेश्वरी स्थिर झाली, यात शंका नाही. परंतु एकनाथांपुढे कोणत्या प्रती होत्या, त्यांत कोणते पाठ होते, आणि त्यांपैकी कोणता पाठ कोणत्या कारणाने त्यांनी टाकला, याची नोंद मागे राहिली नाही. फल हाती आले, रीत हरवली. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केल्यावर तिच्याभोवती जो वाद माजला, त्याचे मूळ याच उणिवेत आहे. शुद्धीपूर्वीची स्थिती कळण्याचे साधन नसेल, तर शुद्धीचे मूल्यमापन करता येत नाही.

ऐतिहासिक कागदपत्रांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. १८९७ मध्ये वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे, आणि १८९८ मध्ये राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे प्रकाशन सुरू झाले. खऱ्यांचे कार्यक्षेत्र मिरज, म्हणजे कबनूरच्या शेजारचाच मुलूख. पटवर्धनांच्या दप्तराचे ते संपादक होतेच, शिवाय इचलकरंजी संस्थानचा इतिहासही त्यांनी लिहिला. या संपादकांपुढील कागद मोडीत होते. मोडी लिहिताना प्रथम पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली अक्षरे जोडून लिहीत जावयाचे, अशी रीत होती. शब्द सुटे लिहिण्याची चाल नव्हती आणि विरामचिन्हेही नव्हती. इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्वही मोडीत पाळले जात नसे. त्यामुळे मोडी पत्र बालबोधीत छापताना शब्द कोठे तोडावा, वाक्य कोठे संपवावे, वेलांटी पहिली की दुसरी, हे सर्व संपादकालाच ठरवावे लागे.

याचा अर्थ असा की, मोडी कागदावरून छापलेल्या ग्रंथात ‘कबनूर’ असे दीर्घ नू दिसले, तर ते दीर्घत्व कागदातील नव्हे. ते बालबोध लेखननियमाचे आहे. आज ‘अशुद्ध’ म्हणून जे रूप आज्ञावली बदलू पाहते, आणि ‘शुद्ध’ म्हणून जे रूप ती त्या जागी घालते, ती दोन्ही रूपे मूळ कागदाच्या दृष्टीने सारख्याच योग्यतेची आहेत. ग्रामनामाचे प्रमाणरूप ठरविणे ही सोयीची गोष्ट आहे. तिला पुराव्याचा दर्जा देता येत नाही.

पाठशुद्धीची रीतच वाचकापुढे उघडी करावी, हा दंडक मोठ्या प्रमाणावर घालून दिला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पुरे झाले. आदिपर्वाच्या १९३३ च्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेत वि. सी. सुकथनकर यांनी प्रतींची कुळे, त्यांचे परस्परसंबंध आणि पाठनिवडीची तत्त्वे विस्ताराने मांडली. या आवृत्तीत स्वीकृत पाठ वर आणि टाकलेले पाठ खाली, अशी रचना आहे. जेथे संपादकाची खात्री नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. ही नागमोडी रेघ पाठचिकित्सेच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे. संपादकाने आपला संशय मजकुरातच नोंदविला, आणि वाचकाला त्याच्याशी मतभेद करण्याची वाट मोकळी ठेवली.

पुढे १९९० नंतरच्या दशकात क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून दुरुस्त केली. या संहितेत प्रत्येक ओळीच्या आरंभी पर्वाचे दोन, अध्यायाचे तीन व श्लोकाचे तीन अंक येतात, आणि त्यांना जोडून श्लोकार्ध दाखविणारे एक रोमन अक्षर येते. म्हणजे येथे ओळ ही कागदाच्या रुंदीने ठरलेली नाही. ती एक स्वतंत्र नोंद आहे आणि आपला पत्ता स्वतःबरोबर वागविते. ओळींचा क्रम बिघडला तरी पत्त्यावरून तो पुन्हा लावता येतो. यांत्रिक शुद्धीस योग्य अशी ओळ कशी असावी, याचा हा नमुना म्हणता येईल.

३

यंत्रावरील ओळीचा इतिहास याहून अर्वाचीन आहे. दूरमुद्रकात ओळ संपली, की दोन क्रिया कराव्या लागत : मुद्रणफळी पुन्हा डावीकडे आणावयाची आणि कागद एक ओळ वर सरकवावयाचा. या दोन क्रियांसाठी दोन वेगळे संकेत होते. १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीने ओळीचा अंत दाखविण्यास त्यांपैकी दुसरा एकच संकेत घेतला. १९८१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीने दोन्ही ठेवले. त्यामुळे एका प्रणालीवर तयार झालेली यादी दुसरीवर नेली, म्हणजे प्रत्येक ओळीच्या अखेरीस एक अदृश्य संकेत शिल्लक राहतो. डोळ्यांना ‘कबनूर’ आणि ‘कबनूर’ ही दोन रूपे एकच दिसतात, आणि तरीही यंत्र ती जुळत नाहीत असे सांगते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

ओळी गाळून घेणाऱ्या साधनांचा जन्म एका पाठचिकित्सेच्या प्रश्नातून झाला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस विशेष लक्षणीय वाटावी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने पंच्याऐंशी लेख प्रसिद्ध झाले होते. हॅमिल्टन, मॅडिसन व जे हे त्यांचे तीन लेखक. त्यांपैकी काही लेख नेमके कोणाचे, याचा वाद दीर्घकाळ चालू होता. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस यांनी शब्दांच्या वारंवारतेवरून त्याचा निर्णय करण्याचा प्रसिद्ध प्रयत्न केला. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना याच लेखांचा अभ्यास करावयाचा होता. परंतु सर्व लेखांचा मजकूर एकत्र केला असता तो ‘एड’ या तत्कालीन संपादन-साधनात मावेना. तेव्हा केन थॉम्पसन यांनी ‘एड’मधील शोधाचा भाग सुटा काढून त्याचे स्वतंत्र साधन केले. ‘सर्वत्र शोधा, आकृतिबंध जुळवा, छापा’ या अर्थाच्या ‘एड’मधील आज्ञेची अक्षरे जोडून त्याचे ‘ग्रेप’ असे नाव पडले. १९७३ च्या युनिक्स पुस्तिकेत त्याची नोंद आहे. त्यानंतर लवकरच मॅकमहॉन यांनी स्वतः ‘सेड’ हे साधन रचले. ‘ग्रेप’ हवी ती ओळ शोधून देते. ‘सेड’ ओळ वाहती ठेवून तिच्यात बदल करते.

या साधनांच्या मुळाशी असलेला आकृतिबंधाचा विचार गणिती आहे. तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी तो १९५१ मध्ये मांडला, आणि थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकुराच्या शोधासाठी तो कसा राबवावा हे दाखविले. ‘ओळीच्या अखेरीस असलेल्या एक किंवा अधिक रिकाम्या जागा’ असे वर्णन करावयाचे झाल्यास या पद्धतीत तीन-चार चिन्हे पुरतात. दुसरी कल्पना जोडणीची. एका साधनातून निघालेला मजकूर नळीतून जावा तसा दुसऱ्यात जावा, अशी सूचना डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात केली होती. १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये प्रत्यक्षात आली. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ हे साधन रचले, ज्याला ओळीतील रकाने कळतात आणि मागील ओळीतील मजकूर ध्यानात ठेवता येतो. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसृत झाल्यावर या सर्वांना एका लेखी मालिकेत गुंफण्याची सोय पूर्ण झाली.

ही रचना पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. शेल-आज्ञावलीत संपादकाचा प्रत्येक निर्णय लिहिलेला असतो. अमुक रूपाऐवजी तमुक रूप घालावे, हा नियम आज्ञेच्या रूपाने फाइलीत राहतो, आणि दुसरा अभ्यासक तीच आज्ञावली मूळ मजकुरावर चालवून तेच फल मिळवू शकतो. सोळाव्या शतकातील पाठशुद्धीत जी रीत हरवली, ती येथे आपोआप टिकते. मात्र ती टिकण्यास मूळ मजकूर अबाधित असावा लागतो. ‘सेड’ला मूळ फाइलच बदलण्याचा पर्याय दिला, तर नियम राहतो आणि ज्यावर तो चालला तो पाठ नाहीसा होतो.

४

वर सांगितलेली साधने रोमन लिपीसाठी घडली. त्यांत एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे गृहीत होते. देवनागरीचा प्रवेश तेथे उशिरा आणि वळणावळणाने झाला. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाणसंकेतन १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून सुधारून प्रसिद्ध झाले. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. १९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ची योजना केली. म्हणजे ज्याने ‘ग्रेप’ रचले, त्याच्याच हातून देवनागरीला युनिक्सच्या ओळीत शिरण्याची वाट मिळाली.

परंतु व्यवहारात बराच काळ मराठी मजकूर छपाईसाठी घडविलेल्या विशिष्ट टंकांत टाइप होत राहिला. या टंकांत अक्षराच्या ध्वनीला संकेत नव्हता, त्याच्या आकाराला होता. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती आधी टंकिली जाई. युनिकोडमध्ये मात्र ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी ‘वेलांटी उचलून पुढील अक्षरानंतर ठेवावी’ असा नियम लिहिला, तर ‘किती’ बरोबर उतरते आणि ‘स्थिती’ बिघडून ‘सि्थती’ होते. कारण तेथे वेलांटीने एक अक्षर ओलांडून भागत नाही, सबंध जोडाक्षर ओलांडावे लागते. रफाराची गोष्ट उलट आहे. ‘कीर्ती’मधील रफार डोळ्यांना अखेरीस दिसतो, आणि उच्चारात तो ‘ती’च्या आधी आहे. तेव्हा त्याला मागे नेताना व्यंजन आणि त्यावरील मात्रा ही दोन्ही ओलांडावी लागतात. मराठीच्या अक्षररचनेचे ज्ञान नसता केलेले असे रूपांतर शुद्धीच्या नावाखाली नवे अपपाठ निर्माण करते. लेखनिकाच्या हातून होणारे अपपाठ विखुरलेले असत. यंत्राचा अपपाठ प्रत्येक ओळीत सारखा येतो.

याहून सूक्ष्म प्रश्न ‘ऱ्य’ या मराठीच्या खास जोडाक्षराचा आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिलेला आढळतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’ व हलन्तचिन्ह यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. तिन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसू शकतात. शोध घेताना ‘ग्रेप’ला एकच प्रकार सांगितला, तर उरलेले दोन हाती लागत नाहीत. आणि मजकूर साफ करताना ‘सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकावीत’ हा निरुपद्रवी वाटणारा नियम चालविला, तर तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘आचाऱ्यां’चे ‘आचार्य’ होतात. यंत्र काही तक्रार करीत नाही. ओळ व्याकरणदृष्ट्याही निर्दोष राहते. देवस्थानाच्या खर्चाच्या यादीत स्वयंपाक्यांना दिलेली मजुरी विद्वानांची दक्षिणा ठरते, आणि त्या ओळीवरून सामाजिक इतिहासाचे एक खोटे विधान निर्माण होण्यास कोणताही अडथळा राहत नाही.

लेखननियमांच्या बाबतीतही हेच घडते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वीच्या छापील ग्रंथांत ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा भेद दिसतो. अनुस्वार सरसकट काढणाऱ्या आज्ञेने तो मिटतो. उलट ‘घरांत’ हे जुने रूप एकवचनी आणि अनेकवचनी असे दोन्ही असू शकते. नव्या नियमाप्रमाणे एकवचनी अनुस्वार गेला पाहिजे आणि अनेकवचनी राहिला पाहिजे. केवळ त्या शब्दाकडे पाहून आज्ञावलीला हा निवाडा करता येत नाही.

कबनूरचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. प्रचलित नियमाप्रमाणे ‘कबनूर’मधील उपान्त्य उकार दीर्घ, आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व. म्हणून ‘कबनूर’, परंतु ‘कबनुरात’. ‘कबनुर’ दिसेल तेथे ‘कबनूर’ करावे, अशी एक ओळीची आज्ञा दिली, तर चुकलेले नाव सुधारेल आणि बरोबर असलेले ‘कबनुरात’ बिघडून ‘कबनूरात’ होईल. नियम सुधारून ‘शब्द तेथेच संपत असेल तरच बदल करावा’ असे म्हणावे, तर देवनागरीत शब्द कोठे संपतो हे सर्व साधनांना सारखे कळत नाही. काही साधने मात्रेला अक्षर मानीत नाहीत आणि शब्द मध्येच संपला असे समजतात. सारांश, चार अक्षरांच्या एका ग्रामनामाची शुद्धीदेखील व्याकरणाच्या आधारावाचून होत नाही.

५

जुन्या जमाखर्चाच्या कागदांत धोका अधिक आहे, कारण तेथे चिन्हांचा अर्थ आजच्या अर्थाहून वेगळा आहे. एक उभा दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. ‘५॥’ असे लिहिले म्हणजे साडेपाच रुपये. मजकुरातील विरामचिन्हे काढून टाकण्याची आज्ञा ही सर्व आज्ञावल्यांतील अत्यंत नित्याची आज्ञा होय, आणि तिच्या सामान्य यादीत दंडाचा समावेश असतो. ती चालताच साडेपाचाचे पाच होतात. शंभर ओळींच्या यादीत अशा किती ओळी असतील, हे साफ केलेल्या फाइलीवरून कधीच कळणार नाही. त्याचप्रमाणे ‘रा॥’ हा ‘राजश्री’चा संक्षेप आहे. दुहेरी दंड आला की ओवी संपली असे धरून तेथे ओळ तोडणारा नियम पद्यग्रंथास योग्य असला, तरी पत्राच्या मायन्यावर चालविला असता पत्राचे तुकडे करतो.

‘कित्ता’ या शब्दाचा विचार याच ठिकाणी करावयास हवा. जमाखर्चाच्या यादीत वरच्या ओळीतील मजकूर पुन्हा लिहावयाचा नसेल, तेव्हा कारकून ‘कित्ता’ लिही. या ओळीचा अर्थ तिच्या स्वतःत नाही. तो वरच्या ओळीत आहे. आता अशी यादी गाववार लावण्यासाठी ओळी वर्णानुक्रमे लावल्या, म्हणजे सर्व ‘कित्ता’ एके ठिकाणी गोळा होतात आणि प्रत्येक आपल्या मालकापासून तुटतो. त्यानंतर पुनरुक्त ओळी वगळण्याची आज्ञा दिली, तर त्यांतील सारख्या रकमांच्या ओळी नाहीशाही होतात. योग्य रीत अशी की, प्रथम ‘ऑक’च्या साहाय्याने मागील ओळीतील नाव ध्यानात ठेवून प्रत्येक ‘कित्ता’पुढे ते वेगळ्या रकान्यात लिहावे, प्रत्येक ओळीस मूळ कागदातील क्रमांक द्यावा, आणि मगच ओळी हलवाव्यात. महाभारताच्या संहितेत ओळीला पत्ता जोडण्याची जी दृष्टी दिसते, तिचेच हे अनुसरण होय. आज्ञा त्याच असल्या तरी त्यांचा क्रम बदलला, की फल बदलते.

पुनरुक्तीविषयी आणखी एक इशारा देणे अवश्य आहे. समजा, कबनूरच्या एखाद्या माग-कारखान्याच्या मजुरीवहीत एकाच दिवशी, एकाच नावापुढे, एकच रक्कम दोनदा नोंदलेली आहे. ही लेखनिकाची चूक असेल. त्या नावाचे दोन कामगार असतील. किंवा एकाच कामगाराने दोन पाळ्या केल्या असतील. पुनरुक्त ओळ वगळणारी आज्ञा या तीन शक्यतांपैकी पहिली गृहीत धरते आणि उरलेल्या दोहोंचा विचार करीत नाही. दुसरी वा तिसरी शक्यता खरी असेल, तर एका माणसाची किंवा एका पाळीची मजुरी इतिहासातून वगळली गेली, असे होईल.

६

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ओळ साफ करण्याच्या कोणत्याही नियमात पाठाविषयीचे एक मत दडलेले असते. जागा निरर्थक आहे, दंड हे विरामचिन्ह आहे, अदृश्य चिन्ह निरुपयोगी आहे, सारखी ओळ ही चूक आहे, ही सारी मते होत. आणि प्रत्येक मत कोठे तरी खरे व कोठे तरी खोटे आहे. शेल-आज्ञावलीचा विशेष हा की, ही मते ती लपवीत नाही. कोणीही ती वाचू शकतो. परंतु संशोधकाने आज्ञावली चालवून टाकून दिली आणि साफ झालेली फाइल तेवढी पुढे ठेवली, तर त्याची स्थिती टाकलेले पाठ न कळविणाऱ्या जुन्या संशोधकासारखीच होते. किंबहुना ती अधिक सदोष होते, कारण जुन्या संशोधकाने प्रत्येक ओळ निदान एकदा तरी डोळ्यांखालून घातलेली असे.

यावरून चार दंडक निघतात. मूळ उतारा कधीही बदलू नये. शुद्धी त्याच्या वेगळ्या प्रतीवर व्हावी. प्रमाणरूप मूळ रूपाच्या जागी न घालता शेजारच्या रकान्यात घालावे. ग्रामनामांपुरते पाहिल्यास, २०११ च्या जनगणनेने गावांना दिलेल्या सहा अंकी संकेतांसारखा एखादा संकेत त्या रकान्यात लिहिला, म्हणजे ‘कबनूर’ व ‘कबनुर’ ही दोन्ही रूपे आपापल्या ओळीत सुखाने राहून मोजणी मात्र एकाच गावाची होते. तिसरे, जेथे नियम लावण्याविषयी खात्री नाही, तेथे ओळ न बदलता तिच्यावर खूण करावी. पुण्याच्या संपादकांची नागमोडी रेघ येथे एका रकान्यातील एका चिन्हाने साधते. चौथे, आज्ञावली आणि तिने बदललेल्या ओळींची यादी ही दोन्ही प्रबंधाच्या परिशिष्टात द्यावीत. जुना व नवा पाठ समोरासमोर ठेवून फरक दाखविणारे ‘डिफ’ नावाचे साधन युनिक्समध्ये १९७४ पासून आहे. पाठभेदांच्या तळटीपा तयार करण्याचे काम ते विनासायास करते.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ विद्यापीठीय नाही. महाराष्ट्रातील सातबारा उतारे संगणकावर आल्यानंतर हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांतील तफावती दूर करण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात गावोगावी चावडी-वाचनाची मोहीम घेण्यात आली. उतारे ग्रामस्थांसमक्ष वाचून दाखवावयाचे आणि खातेदाराने आपल्या नावातील वा क्षेत्रातील चूक सांगावयाची, अशी ती योजना होती. यंत्राने साफ केलेली ओळ ज्याच्याविषयी आहे त्याच्यापुढे वाचली जावी, हे त्यामागील तत्त्व पाठचिकित्सेच्या दृष्टीनेही योग्यच आहे. ऐतिहासिक कागदांतील माणसे चावडीवर येऊन हरकत घेऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने हरकत घेण्याचे एकमेव साधन म्हणजे अबाधित ठेवलेली मूळ ओळ होय. आणि ती राखणे, हे ओळ साफ करणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.